झेरॉक्स, पण नक्कल नव्हे : बेंचमार्किंगची गोष्ट

रेल्वे स्थानकावरच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहिलेली असते. गाडी थांबली की आपण ती सहज वाचतो आणि विसरतो. ही उंची प्रत्येक ठिकाणी थेट समुद्रापासून नव्याने मोजत आणलेली नसते. सर्वेक्षक ठिकठिकाणी पक्क्या दगडावर किंवा जुन्या इमारतीच्या जोत्यावर एक खूण कोरून ठेवतात, तिची उंची काटेकोरपणे ठरवतात आणि पुढची मोजमापे त्या खुणेवरून करतात. या खुणेला ‘बेंचमार्क’ म्हणतात. ब्रिटिश काळातल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ‘जी.टी.एस.’ ही आद्याक्षरे कोरलेले असे दगड आजही देशात अनेक ठिकाणी पाहायला मिळतात.

व्यवस्थापनशास्त्राने हा शब्द सर्वेक्षकांकडून घेतला. आपल्या कामाला लागणारा वेळ, खर्च आणि त्यात होणाऱ्या चुका यांची तुलना ते काम सर्वांत उत्तम करणाऱ्याशी करायची, फरक कशामुळे पडतो ते शोधायचे आणि त्यानुसार आपली पद्धत बदलायची, याला ‘बेंचमार्किंग’ म्हणतात. म्हणजे या व्याख्येचे तीन भाग आहेत. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी काम पहिल्याच भागावर थांबते. ‘अमुक शाखेने इतके केले, तुमचे का होत नाही?’ हा प्रश्न ऐकलेला नाही असा नोकरदार विरळाच. त्या शाखेने ते कसे केले, हे पाहायला मात्र कोणी जात नाही. म्हणूनच हे तंत्र मुळात कशासाठी जन्माला आले, हे समजून घेण्यासारखे आहे.

ज्या कंपनीचे नाव नक्कल झाले

आपल्याकडे तालुक्याच्या गावातही ‘येथे झेरॉक्स काढून मिळेल’ अशी पाटी असते. मराठीत ‘झेरॉक्स’ म्हणजे नक्कल, मग यंत्र कोणत्याही कंपनीचे असो. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या या कंपनीने ‘९१४’ हे यंत्र बाजारात आणले. साध्या कागदावर बटण दाबताच प्रत काढून देणारे हे यंत्र इतके चालले की पुढची दहा-पंधरा वर्षे कंपनीला तुल्यबळ प्रतिस्पर्धीच उरला नाही. ज्याला स्पर्धक नाही त्याला स्वतःला मोजण्याची गरजही वाटत नाही. यंदाचा खर्च गेल्या वर्षीपेक्षा थोडा कमी झाला की अधिकारी समाधानी असत.

१९७५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीनुसार कंपनीला आपली पेटंटे इतरांना खुली करावी लागली. त्याच सुमारास कॅनन, रिको यांसारख्या जपानी कंपन्या लहान आणि स्वस्त यंत्रे घेऊन उतरल्या. झेरॉक्सचा बाजारातला वाटा झपाट्याने घसरू लागला. जपानी कंपन्या तोटा सोसून माल विकत असतील, अशी स्वतःची समजूत घालून घेणे सोपे होते.

१९७९ मध्ये कंपनीच्या उत्पादन विभागाने हे तपासायचे ठरवले. प्रतिस्पर्ध्यांची यंत्रे आणून सुटी केली आणि एकेका भागाचा खर्च मांडला. जपानमध्ये झेरॉक्सची भागीदारीतली ‘फुजी झेरॉक्स’ ही कंपनी होती. तिच्यामुळे तिथल्या कामाच्या पद्धती जवळून समजून घेता आल्या. निष्कर्ष हादरवणारा होता. झेरॉक्सला जे यंत्र बनवायला जेवढा खर्च येत होता, जवळपास तेवढ्याच किमतीला जपानी कंपन्या तसे यंत्र नफ्यासह विकत होत्या. नवे यंत्र तयार करायला झेरॉक्सला सुमारे दुप्पट वेळ लागत होता, आणि सुटे भाग पुरवणारे तिचे पुरवठादार जवळजवळ नऊपट होते.

या आकड्यांनी झोप उडवली. पण उपाय आकड्यांत नव्हता. पुरवठादार इतके का लागतात, हे विचारल्यावर कळले की प्रत्येक भागासाठी कमी दराचा माणूस शोधण्याच्या नादात त्यांची संख्या सुमारे पाच हजारांवर गेली होती. इतक्या जणांच्या मालाची तपासणी, साठवण आणि कागदपत्रे यांतच खर्च मुरत होता. पुढे ही संख्या काही शेकड्यांवर आणली गेली आणि त्या थोडक्यांना यंत्राच्या आराखड्यापासूनच सोबत घेतले गेले.

बुटांच्या गोदामात

प्रतिस्पर्धी आपल्या कारखान्याचे दार सहसा उघडत नाही. शिवाय आपल्याच धंद्यातल्या लोकांकडे पाहिले तर फार तर त्यांच्याइतके चांगले होता येते. झेरॉक्सच्या वितरण विभागातले रॉबर्ट कॅम्प यांनी वेगळा विचार केला. सुट्या भागांच्या गोदामात मागणीप्रमाणे वस्तू काढून देण्याचे काम फार हळू चालत असे. हेच काम जगात सर्वांत चांगले कोण करते, असा प्रश्न घेऊन ते व्यापारी नियतकालिके धुंडाळत होते. त्यात त्यांना मेन राज्यातल्या फ्रीपोर्ट गावातल्या ‘एल. एल. बीन’ या कंपनीचा पत्ता लागला. ही कंपनी शिकारी-भटक्यांसाठी बूट, कपडे आणि साहित्य टपालाने विकणारी.

बूट आणि छायाप्रती यांचा वरवर काही संबंध दिसत नाही. पण दोन्ही गोदामांत वस्तू लहानमोठ्या, वेड्यावाकड्या आकारांच्या होत्या, त्यामुळे त्या हातानेच उचलाव्या लागत. १९८२ मध्ये झेरॉक्सचे लोक तिथे जाऊन आले. बीनचा माणूस त्यांच्या माणसाच्या सुमारे तिप्पट वेगाने काम उरकत होता, आणि तो धावपळ करत नव्हता. जास्त खपाच्या वस्तू दाराजवळ ठेवलेल्या होत्या. आलेल्या मागण्यांचा क्रम आधीच असा लावलेला असे की एका फेरीत कमीत कमी चालून जास्त वस्तू गोळा व्हाव्यात. ज्या घरात रोज लागणारे डबे हाताशी आणि सणाची भांडी माळ्यावर असतात, त्या घरातल्या गृहिणीला हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

झेरॉक्सने बीनचे गोदाम जसेच्या तसे उभारले नाही. मांडणीमागचा विचार घेतला आणि आपल्या मालाला बेतून बसवला. कॅम्प यांनी १९८९ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले. त्यातल्या दहा पायऱ्यांची पद्धत जगभर शिकवली जाऊ लागली. त्याच वर्षी झेरॉक्सच्या एका प्रमुख विभागाला अमेरिकेचा माल्कम बाल्ड्रिज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार मिळाला. याच पुरस्काराच्या धर्तीवर टाटा समूहाने १९९० च्या दशकात आपल्या कंपन्यांसाठी मूल्यमापनाची चौकट उभी केली.

आकडा कोणाच्या हातात?

झेरॉक्सच्या याच काळातली आणखी एक घटना व्यवस्थापनाच्या पुस्तकांत सहसा तळटीपेत जाते. मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. १९८१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वेबस्टर येथील कारखान्यात तारांचे जुडगे बनवणारा विभाग तपासला गेला. हेच काम बाहेरून करून घेतले तर वर्षाला ३२ लाख डॉलर वाचतील, असा हिशोब निघाला. विभाग बंद झाला असता तर सुमारे १८० कामगारांची नोकरी जाणार होती.

कामगार संघटनेने सांगितले, हिशोब आम्हालाही दाखवा आणि वेळ द्या. मग कामगार, एक अभियंता आणि एक पर्यवेक्षक यांचा छोटा गट नेमला गेला. त्यांना रोजच्या कामातून मोकळे करून सहा महिने दिले आणि कंपनीचे जमाखर्च त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी यंत्रांच्या मांडणीपासून वरच्या खर्चाच्या वाटपापर्यंत सगळे तपासले आणि ३२ लाखांहून अधिक बचतीचा आराखडा दिला. विभाग वाचला.

बाहेरच्या कंत्राटदाराचा दर हा इथे बेंचमार्कच होता. तो नुसता वरून फेकला असता तर १८० घरांत अंधार झाला असता. काम करणाऱ्यांच्या हातात तो कारणांसकट दिला, तेव्हा ते अभ्यासाचे साधन झाले. काम कुठे अडते हे काम करणाऱ्याला माहीत असते. त्याला विचारले जाते का, एवढाच प्रश्न असतो.

डबेवाल्यांकडे पाहताना

आपल्या मुंबईचे डबेवाले तर स्वतःच बेंचमार्क झाले आहेत. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये त्यांच्यावर अभ्यास-प्रकरण काढले आणि देशोदेशीचे व्यवस्थापक त्यांना पाहायला येतात. लाखो डब्यांत एखादीच चूक, ही त्यांची ख्याती भाषणांतून हमखास सांगितली जाते. ती ऐकून एखादा व्यवस्थापक आपल्या लोकांना म्हणतो, ‘शिकलेले नसूनही ते करतात, मग तुम्ही का नाही?’ म्हणजे पुन्हा आकडा आला आणि पद्धत राहिली.

खरे पाहायचे ते वेगळेच आहे. झाकणावरच्या मोजक्या खुणा आणि अक्षरे, मुकादमाच्या हाताखालचे लहान गट, कोणी आजारी पडले तर अडू नये म्हणून गटात राखलेली जास्तीची माणसे, आणि मावळ, जुन्नर, आंबेगाव, खेड या भागातून आलेल्यांची आपापसातली ओळख. शिवाय सगळ्यांना बांधून ठेवणारे लोकलचे वेळापत्रक आहे. यातल्या जास्तीच्या माणसांना खर्च समजून काढून टाकणारा व्यवस्थापक डबेवाल्यांसारखी अचूकता मागत असेल, तर त्याने त्यांच्याकडून काहीच घेतले नाही.

खुणेपलीकडचे

या साधनाची मर्यादाही झेरॉक्सच्याच घरात दिसते. कॅलिफोर्नियात पालो अल्टो येथील तिच्या संशोधन केंद्राने १९७३ मध्येच ‘अल्टो’ हा संगणक बनवला होता. पडद्यावर चित्रमय मांडणी आणि हातात माउस, म्हणजे आज आपण वापरतो तसाच. १९७९ मध्ये, ज्या वर्षी कंपनी जपान्यांची यंत्रे सुटी करून पाहत होती, त्याच वर्षी अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज या केंद्राला भेट देऊन गेले. तिथल्या कल्पनांचे मोल त्यांनी ओळखले. झेरॉक्सने त्यांतला फारच थोडा लाभ घेतला. दुसऱ्याच्या पुढे-मागे मोजणारी पट्टी आपल्याच घरातली नवी वाट दाखवत नाही.

सर्वेक्षकाची दगडावरची खूण जागची हलत नाही. धंद्यातली खूण मात्र सरकत असते, आजचा उत्तम उद्याचा सर्वसाधारण होतो, म्हणून तुलना पुन्हा पुन्हा करावी लागते. एक गोष्ट दोन्हींना सारखीच लागू आहे. खूण उंची सांगते, वर जायची वाट सांगत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कोणी तुमच्यापुढे दुसऱ्याचा आकडा ठेवला, तर रागावू नका आणि मान खालीही घालू नका. ‘ते हे कसे करतात, ते पाहायला मला पाठवाल का?’ एवढेच विचारा. बेंचमार्किंग तिथून सुरू होते.