खारीचं पिल्लू सापडलं? दूध पाजण्याआधी हे वाचा

सोसायटीत नारळाच्या झावळ्या उतरवल्या जातात, सर्व्हिसिंगसाठी एसीचं आउटडोअर युनिट उघडलं जातं किंवा वादळी पावसात फांदी तुटते आणि काथ्या, कापूस, चिंध्यांचा एक गोळा खाली पडतो. आत बोटाएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली दोन-तीन पिल्लं. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतं, 'काय करू?' पाच मिनिटांत उत्तरही येतं, 'ड्रॉपरने दूध पाजा.'

नेमकं हेच करायचं नाही.

पिल्लू खरंच अनाथ आहे का?

बऱ्याचदा नसतं. घरटं पडलं तरी आई जवळपासच असते आणि शांतता झाली की पिल्लांना तोंडात धरून दुसऱ्या जागी नेते. 'माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकून देते' हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, पण ते खरं नाही. तिला पिल्लू हवं असतं. अडचण आपल्या गर्दीची असते. दहा जण मोबाईल काढून उभे असतील तर ती खाली उतरणार कशी?

म्हणून पिल्लू जखमी नसेल, तर बुटांच्या उघड्या खोक्यात मऊ सुती कापड घालून त्यात ठेवा. पडलेलं घरटं मिळालं तर तेही ठेवा. खोकं त्याच झाडाला, मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर बांधा आणि लांब जा. कावळ्यांवर मात्र दुरून लक्ष हवं. खार दिवसा वावरणारा प्राणी आहे, त्यामुळे अंधार पडल्यावर आईची वाट बघण्यात अर्थ नाही. रात्री पिल्लू आत घ्या, सकाळी पुन्हा ठेवून बघा.

मांजराने धरलेल्या पिल्लाची गोष्ट वेगळी. जखम दिसत नसली तरी मांजराच्या दातांतले जंतू जीव घेऊ शकतात. तिथे आईची वाट न बघता थेट पशुवैद्यांकडे जायचं.

आधी ऊब, मग बाकी सगळं

अंगावर केस नसलेल्या पिल्लाला स्वतःचं शरीर गरम ठेवता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात काहीही गेलं तरी ते पचत नाही. त्यामुळे भूक हा दुसरा प्रश्न आहे, पहिला थंडीचा. बाटलीत गरम पाणी भरा, ती जुन्या मोज्यात घाला आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा राहील. थेट बल्बखाली किंवा उन्हात ठेवू नका.

आता दुधाबद्दल. गाई-म्हशीच्या दुधातली साखर या पिल्लांना पचत नाही. जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवातलं पाणी कमी व्हायला वेळ लागत नाही. दुसरा धोका पाजण्याच्या पद्धतीचा. पिल्लाला उताणं धरून ड्रॉपर दाबला की दूध श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. नाकातून बुडबुडे आले तर ताबडतोब थांबा, तोंड खाली करा आणि नाक पुसा.

मदत यायला खूपच वेळ लागणार असेल, तर पिल्लू उबदार झाल्यावर कोमट ओआरएसचे थेंब देता येतात. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज घ्या, पिल्लू पोटावर किंवा सरळ धरा आणि एकेक थेंब ओठाशी लावा. ते स्वतः चाटेल तेवढंच. एका वेळची मर्यादा साधारण वजनाच्या ५ टक्के धरतात, म्हणजे २० ग्रॅमच्या पिल्लाला फार तर १ मिली. पुढचं दूध कोणतं आणि किती, ते जाणकारालाच ठरवू द्या.

मग घरी वाढवायचं का?

रील्समध्ये हे फार गोड दिसतं. खांद्यावर बसलेली खार, तिचं नाव, तिचा छोटासा झोपाळा. रील्समध्ये न दिसणारं काम असं: दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, पाजणं. प्रत्येक वेळी ओल्या कापसाने हळूच पुसून शी-शू करवणं, कारण आई चाटते तेव्हाच लहान पिल्लांना ती होते. हे आठवडेच्या आठवडे. पुढे नुसत्या शेंगदाण्यांवर आणि बिस्किटांवर वाढलेल्या खारींची हाडं कॅल्शियमअभावी ठिसूळ होतात.

शिवाय खार वन्यप्राणी आहे, पाळीव नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित वन्यप्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं. महाराष्ट्रात वन विभागाची हेल्पलाइन आहे १९२६. तिथून किंवा शहरातल्या वन्यजीव बचाव संस्थेकडून पुढची सोय होते.

पुनर्वसन केंद्रात पिल्लांना शक्यतो इतर पिल्लांसोबत ठेवतात आणि माणसाचा स्पर्श कमी-कमी करत नेतात. यात दुष्टपणा नाही. माणसाला न घाबरणारी खार कुत्र्या-मांजरालाही घाबरेलच असं नाही, आणि बाहेर पहिल्याच आठवड्यात ते महागात पडतं. मोठी झाल्यावर त्यांना झाडाजवळच्या मोठ्या पिंजऱ्यात हलवतात. काही दिवसांनी पिंजऱ्याचं दार उघडतात आणि खाणं मात्र तिथेच ठेवत राहतात. सुरुवातीला खार संध्याकाळी परत येते. मग एक दिवस खाणं तसंच पडून राहतं.