न्यूयॉर्क उंबरगावच्या बाजूला आहे

बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांकडे पाठ करून उभे राहा आणि न्यूयॉर्क कुठे असेल ते बोटाने दाखवा. बहुतेकांचा हात सरळ समोर, मावळतीकडे जाईल. खरं तर तो बराच उजवीकडे वळायला हवा, उत्तरेच्या उंबरगावच्या अंगाला. भिंतीवरच्या नकाशात हे कळत नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून बघा. बोर्डीसमोरच्या समुद्रावरून तो सौराष्ट्रात शिरतो. पुढे सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान ओलांडून रशियातल्या सेंट पीटर्सबर्गजवळ पोहोचतो आणि आइसलंडच्या बाजूने, ग्रीनलंडच्या टोकाजवळून कॅनडात उतरतो. सुमारे साडेबारा हजार किलोमीटर! एवढं अंतर माणसं एका बैठकीत कापतात, हेच मला अजून अचंब्याचं वाटतं.

या दोऱ्याखालच्या प्रत्येक देशाचं आकाश त्याच्या मालकीचं आहे. १९४४ च्या शिकागो करारात हे तत्त्व नोंदलेलं आहे. वरून जाण्याचे पैसे द्यावे लागतात आणि देश ‘नाही’ही म्हणू शकतो. एक जरी ‘नाही’ म्हणाला तर दोरा वाकवावा लागतो, आणि वाकवण्याची किंमत आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ जास्त असते.

बोइंग ७७७ सारखं मोठं विमान तासाला सहा-सात टन इंधन जाळतं. वाट एका तासाने वाढली की तेवढं इंधन जास्त घ्यावं लागतं. पण त्या जादा इंधनालाही वजन असतं, आणि ते वाहून न्यायला आणखी इंधन लागतं! जास्तीच्या वजनाच्या साधारण तीन टक्के इतकं इंधन दर तासाला केवळ ते वजन पेलण्यात संपतं. पंधरा तासांच्या प्रवासात हा हिशेब कुठल्या कुठे जातो. उड्डाणाच्या वेळच्या वजनाला तर मर्यादा असते, म्हणून मग माल खाली ठेवावा लागतो किंवा काही आसनं रिकामी सोडावी लागतात. शिवाय वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याचं बंधन असतं आणि उशिरा पोहोचलेलं विमान परतीच्या फेरीलाही उशिराच मिळतं. त्यामुळे विमान भरून जात असतानाही मार्ग तोट्यात जाऊ शकतो.

नेवार्क–मुंबई या थेट मार्गाची कहाणी पाहा. नेवार्क म्हणजे न्यूयॉर्कला लागूनचा विमानतळ. ही सेवा काँटिनेंटल या अमेरिकी विमान कंपनीने २००७ मध्ये सुरू केली, पुढे ती युनायटेडकडे आली. बालाकोटवरच्या भारतीय हवाई हल्ल्यानंतर, फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस, पाकिस्तानने आपली हवाई हद्द मिटून घेतली. मग उरली इराणवरून जाणारी वाट. पण २० जून २०१९ रोजी इराणने अमेरिकेचं ड्रोन पाडलं आणि युनायटेडने मुंबईची फेरी थांबवली. ज्या देशातून बोर्डीच्या इराणी कुटुंबांचे पूर्वज इथे आले आणि चिकूच्या वाड्यांत रमले, त्याच देशाजवळच्या आकाशातल्या एका स्फोटामुळे मुंबईहून अमेरिकेला जाणारं विमान जमिनीवर राहिलं! पाकिस्तानने जुलैच्या मध्यावर हद्द पुन्हा खुली केली आणि पुढे युनायटेडची फेरीही पुन्हा सुरू झाली.

मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना दुरावलं. युनायटेडने नेवार्क–मुंबई पुन्हा थांबवली, नेवार्क–दिल्ली मात्र चालू ठेवली. दिल्ली नेवार्कला सुमारे आठशे किलोमीटरने जवळ आहे, म्हणजे साधारण एका तासाने. वळसा पडल्यावर तो एक तास फार मोलाचा ठरतो.

एअर इंडियाला रशिया मोकळाच होता. १४ फेब्रुवारी २०२३ ला तिने मुंबई–न्यूयॉर्क सेवा सुरू केली. अर्थात मोकळ्या आकाशाखालीही जमीन असतेच. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगदानला उतरलं. दोनशेहून जास्त प्रवाशांना तिथे शाळेत, वसतिगृहांत मुक्काम करावा लागला. त्यांना न्यायला दुसरं विमान गेलं ते मुंबईहून. त्या प्रवाशांत अमेरिकी नागरिकही होते, त्यामुळे वॉशिंग्टनलाही या मुक्कामाकडे लक्ष ठेवावं लागलं.

मग २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. आता एअर इंडियाला रशिया खुला आणि पाकिस्तान बंद, तर युनायटेडला पाकिस्तान खुला आणि रशिया बंद. दोरा तोच, अडलेली जागा मात्र वेगळी.

या वेळी भूगोलाने दुसराच कौल दिला. २०२२ मध्ये मुंबईला लांब असणं नडलं होतं, आता समुद्राकाठी असणं कामाला आलं. मुंबईहून निघालेलं विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूला वळू शकतं. दिल्लीच्या विमानाला मात्र आधी गुजरातकडे खाली यावं लागतं आणि मगच समुद्राची वाट मिळते. दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला थांबू लागली. दिल्ली–वॉशिंग्टन सेवा तर एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदच केली. कारणं दोन सांगितली: नूतनीकरणासाठी बाजूला काढलेली बोइंग ७८७ विमानं आणि पाकिस्तानचं बंद आकाश.