अवर्षण-प्रतिकार, वनस्पतींचा

पानांतून वाफेच्या रूपाने जाणाऱ्या पाण्याची भरपाई मुळांकडून होईनाशी झाली म्हणजे वनस्पतीवर अवर्षणाचा ताण पडतो. तो सोसण्यासाठी वनस्पती पाण्याचा व्यय व स्वतःची वाढ यांचे जे नियमन करते, त्यास अवर्षण-प्रतिकार म्हणतात. पर्जन्यमान भरपूर असले, तरी हा ताण टळतोच असे नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवलीचा परिसर याचे उदाहरण होय. तेथे वर्षाला सर्वसाधारणपणे ३०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो; परंतु त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो आणि जांभ्यावरील उथळ मृदेतून पाणी लवकर निचरून जाते. त्यामुळे हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत तेथील झाडांना दरवर्षी अवर्षणास तोंड द्यावे लागते.

बाष्पोच्छ्वासाचे नियमन : मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी हवेत जाते [⟶ बाष्पोच्छ्वास]. ते मुख्यतः त्वग्रंध्रांतून (पानांच्या त्वचेवरील सूक्ष्म छिद्रांतून) बाहेर पडते व त्याच वाटेने प्रकाशसंश्लेषणास लागणारा कार्बन डाय-ऑक्साइड आत येतो. म्हणून रंध्रे उघडी ठेवल्यास पाणी जाते; मिटल्यास अन्ननिर्मिती मंदावते आणि बाष्पोच्छ्वासाचा गारवा नाहीसा होऊन पाने तापतात. या दोहोंतील समतोल मुख्यतः ॲब्सिसिक अम्ल हे हॉर्मोन राखते. कापसाच्या बोंडांची गळ व सायकॅमोर वृक्षाच्या कळ्यांची सुप्तावस्था यांच्या स्वतंत्र अभ्यासांतून ते हाती लागले. दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे १९६५ मध्ये स्पष्ट झाले. पाणी कमी पडताच पानांत त्याची निर्मिती वाढते. त्याच्या प्रभावाने रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक कोशिकांतून पोटॅशियम, क्लोराइड इ. आयन बाहेर पडतात. त्यांपाठोपाठ पाणी जाते आणि कोशिका शिथिल होऊन रंध्र मिटते. मुळांतून पानांकडे जाऊन ही निर्मिती वाढविणारे एक लहान पेप्टाइड २०१८ मध्ये ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुलातील वनस्पतीत आढळले.

वाढीचे नियमन : कोशिका आतील पाण्याच्या दाबाने ताणल्या जाऊन मोठ्या होतात. हा दाब घटताच, पाने कोमेजण्यापूर्वीच, नव्या पानांची वाढ खुंटते. यात केवळ हानी नसते. पर्णक्षेत्र मर्यादित राहिल्याने पाण्याचा पुढील व्ययही कमी होतो. याउलट मुळांची टोके शर्करा, प्रोलीन इ. विद्राव्य पदार्थ साठवून आपल्या कोशिकांत पाणी ओढून घेतात व ओलाव्याकडे वाढत राहतात.

प्रतिकाराचे प्रकार : सावर हिवाळ्यात पाने गाळते व निष्पर्ण अवस्थेतच फुलते. ऐन खोडात पाणी साठवितो. निवडुंगाची रंध्रे रात्री उघडतात व दिवसा मिटलेली असतात. कातळावरील ट्रिपोगॉन प्रजातीतील काही गवते तर पूर्ण सुकूनही मरत नाहीत आणि पाऊस पडताच पुन्हा हिरवी होतात. पश्चिम घाटातील अशा ६२ जातींची नोंद पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी केल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले.

फलोद्यानातील महत्त्व : आंब्याला मोहोर येण्यासाठी फांद्या पक्व होऊन त्यांना विसावा मिळावा लागतो, पावसाळ्यानंतरचा कोरडेपणा नवी पालवी लांबवून त्यास साहाय्य करतो. हापूसच्या बागांत वापरले जाणारे पॅक्लोब्युट्राझोल हे द्रव्यही जिबरेलिनांची निर्मिती रोखून पालवीची वाढ आवरते. जुन्या झाडाची मुळे खोल गेलेली असल्याने ते उन्हाळा सोसते. नव्या कलमाची मुळे मात्र वरच्या थरातच असतात व हा थर प्रथम सुकतो. रंध्रे मिटून कलम काही काळ तग धरते. पण तेवढ्याने ते मेअखेरपर्यंत टिकेलच असे नाही. म्हणून पहिल्या काही उन्हाळ्यांत बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन, सावली व बेताचे पाणी देणे आवश्यक ठरते.