माणसं एका बाजूला धावली की बोट काय करते?

नवी मुंबईतल्या दिघ्याहून पश्चिमेला गेलं की तिवरं लागतात आणि तिवरांपलीकडे ठाण्याची खाडी. भरतीच्या वेळी पाहणाऱ्याला वाटतं, इथून सरळ मुंबईत भाऊच्या धक्क्याला लाँच का नसावी? ओहोटीला पुन्हा यावं. समोर चिखल असतो.

बोटीचा आकार खालचं पाणी ठरवतं, तशी वरची माणसंही. हे दुसरं फार महागात कळलं. कोकणच्या काही आगबोटींना तेव्हा रामदास, तुकाराम, रोहिदास अशी संतांची नावं असत. पहिल्यांदा दर्यावर निघालेल्या एखाद्या आजीला त्यानेच धीर येत असेल. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावस्येला, मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. वाचलेल्यांनी सांगितलं ते असं: मोठी लाट आली, बोट कलली, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले.

एरवी कललेली बोट सावरते. कलती बाजू पाण्यात जास्त बुडते, त्यामुळे पाण्याचा वर रेटणारा जोर त्याच बाजूला सरकतो आणि बोटीला परत उभं करू पाहतो. पण तेवढ्यात माणसंही तिकडेच गेली, तर वजनाचा मध्यही सरकतो. या शर्यतीत वजन पुढे निघालं की बोट उलटते. वरच्या डेकवर गर्दी असेल, तर हे आणखी लवकर होतं.

उपाय रुंदीत आहे. लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर पाण्याच्या पातळीवरच्या आकारातून मिळणारा सावरण्याचा जोर आठपट होतो. पण नुसती रुंद बोट पाणी कापताना रखडते. म्हणून दोन अरुंद सांगाडे एकमेकांपासून लांब ठेवून वर एकच डेक टाकायचा: हा झाला कॅटामरान. शब्द तमिळ, अर्थ ‘बांधलेली लाकडं’. गेटवे-मांडवा मार्गावर लाकडी लाँचसोबत असे कॅटामरान धावतात, पण पावसाळ्यात ही सेवा बंदच असते. मोटारी पोटात घेणारी रो-रो बोट भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून जाते. तिचा आकार मोठा, त्यामुळे हवामान साथ देईल तेव्हा ती पावसातही निघते.

दिघ्याच्या शेजारी ऐरोलीहून रोहित पक्षी दाखवायला बोटी सुटतात. त्यांचं वेळापत्रक मात्र अजून भरती-ओहोटीच ठरवते.