विमा आहे, वैद्य कोठे?

जनतेच्या आरोग्याचे उत्तरदायित्व शासनावर असते, हे तत्त्व आता वादाचे राहिलेले नाही. ते पार कसे पाडावयाचे, हाच प्रश्न आहे. महाराष्ट्राने विम्याचा मार्ग पत्करला. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत भंडारा नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर पोहोचली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घालण्यात आली. १ जुलै २०२४ पासून प्रत्येक कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांचे संरक्षण लाभले व शिधापत्रिकेच्या रंगाचा भेदही संपला. पांढरी शिधापत्रिका बाळगणारा आमचा वाचकही आज या योजनेत आहे. या निर्णयाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.

परंतु विमा म्हणजे उपचार नव्हे. भंडारा जिल्ह्यातील लाखनीचे उदाहरण घ्या. हे तालुक्याचे गाव नागपूरपासून सुमारे ८० किलोमीटर दूर आहे. तेथील धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याला हृदयाची अवघड शस्त्रक्रिया करून घ्यावयाची, तर नागपूरची वाट धरण्यावाचून गत्यंतर नाही. शस्त्रक्रियेचा खर्च योजना उचलील. पण सोबतच्या आप्ताचा मुक्काम, रोवणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी आणि तपासणीसाठी घालाव्या लागणाऱ्या खेपा यांचा भार कोणी वाहावयाचा? मधुमेह व रक्तदाब यांची रोजची औषधे तर योजनेच्या कक्षेबाहेरच आहेत. म्हणजे रोग लहान असता शासनाचा विमा स्वस्थ बसतो आणि तो खाटेवर पाडील इतका मोठा झाला, की मग धावून येतो! ही काटकसर म्हणावयाची की उधळपट्टी?

रुग्णालयांचीही एक बाजू आहे. ठरविलेले दर तोकडे आहेत व देयके रखडतात, ही त्यांची तक्रार जुनी आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. तथापि योजनेत सामील व्हावयाचे आणि रुग्ण दाराशी येताच खाट नाही असे सांगावयाचे, याला व्यवसायधर्म म्हणता येणार नाही. शासनाने देयके मुदतीत चुकवावीत आणि त्यानंतरही जो रुग्णाकडून पैसे उकळील, त्याची गय करू नये.

स्वतः विमा उतरविणाऱ्या मध्यमवर्गालाही काही दिलासा मिळाला आहे. जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा २०२४ मध्ये चारऐवजी अधिकाधिक तीन वर्षांवर आली. वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला. पण वयाबरोबर वाढत जाणारा हप्ता निवृत्तांच्या मिळकतीला झेपेनासा होतो, तेव्हा त्यांनाही अखेर सार्वजनिक रुग्णालयाचाच आधार उरतो.

म्हणूनच आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की विम्यावर खर्च होणाऱ्या पैशाच्या जोडीने तालुक्याच्या रुग्णालयांवरही पैसा खर्च व्हावा. तेथे तज्ज्ञ डॉक्टर, परिचारिका आणि औषधे यांची उणीव राहता कामा नये. लाखनीचा रुग्ण लाखनीतच बरा होऊ लागेल, तेव्हाच या योजनेचे खरे सार्थक होईल.