रात्रीचे शाकाहारी जेवण : पौष्टिक, स्वस्त आणि पाऊण तासात

आजच्या धावपळीच्या जीवनात रात्रीचे जेवण हा अनेक कुटुंबांपुढील रोजचाच प्रश्न होऊन बसला आहे. चर्चगेटहून सुटलेली विरार लोकल वसईला पोहोचेपर्यंत सायंकाळचे साडेसात वाजून जातात. घरी आल्यावर पोळ्या लाटाव्यात, भाजी चिरावी आणि वरण शिजवावे एवढे बळ अंगात उरलेले नसते. मग पाव-बटाटा, झटपट नूडल्स किंवा बाहेरून मागविलेले जेवण हाच मार्ग सोपा वाटू लागतो. महिन्याअखेर खर्चाचा हिशेब मांडला म्हणजे हा सोपा मार्ग किती महागात पडला ते कळते. त्याहून मोठी किंमत मुलांची वाढ, वडीलधाऱ्यांची रक्तातील साखर आणि गृहिणीची अंगातील शक्ती यांच्या रूपाने मोजावी लागते.

पौष्टिक जेवण म्हणजे खर्चिक जेवण, आणि शाकाहारी पौष्टिक जेवण म्हणजे पनीर, असा एक समज अलीकडे रूढ झाला आहे. उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य केले की त्याची जागा अनेक घरांत पनीर घेते, ती यामुळेच. वस्तुतः आपल्या आजी-पणजींच्या स्वयंपाकघरातील कडधान्ये, भात-भाकरी आणि वाडीतील पालेभाजी यांतून कमी खर्चात उत्तम जेवण तयार होते. त्यासाठी गरज आहे ती थोड्या पूर्वतयारीची. रात्रीच्या जेवणाचा निर्णय सायंकाळी दमून घरी आल्यावर न घेता आदल्या रात्री घ्यावा, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

ताटात काय असावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दिवसाला २००० कॅलरींची गरज असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी त्यांत सुमारे २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलिलिटर दूध अथवा दही असा आहार सुचविला आहे. धान्य व डाळीची ही वजने कच्च्या स्वरूपातील आहेत.

आपल्या घरातील ताटाकडे या दृष्टीने पाहिले तर उणीव कोठे आहे ते ध्यानी येते. भात किंवा पोळी भरपूर असते, परंतु डाळ पातळ व मोजकी, आणि भाजी तोंडी लावण्यापुरती असते. पोट भरते, पण पोषण अपुरे राहते. म्हणून रात्रीच्या जेवणात दर माणशी निदान ३५ ते ४० ग्रॅम कच्ची डाळ किंवा कडधान्य असावे. चार माणसांच्या कुटुंबासाठी हे प्रमाण सुमारे १५० ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठी वाटी होते. भाताची एक मूद कमी करून त्या जागी उसळीची एक वाटी वाढली, तर खर्चात फारसा फरक न पडता जेवणाचा कस वाढतो.

भात आणि डाळ एकत्र खाण्याच्या आपल्या जुन्या पद्धतीमागे शास्त्रही आहे. प्रथिने ज्या घटकांपासून बनतात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. तांदूळ, गहू, ज्वारी या धान्यांत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळींत ते पुरेसे असते. डाळींत मेथिओनिन कमी असते आणि ती उणीव धान्ये भरून काढतात. वरण-भात, खिचडी, उसळ-भाकरी हे सारे पदार्थ याच परस्परपूरकतेवर उभे आहेत.

डाळ की पनीर?

शंभर ग्रॅम कच्च्या मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, तर तेवढ्याच पनीरमध्ये साधारण १८ ते २० ग्रॅम. पनीरचा किलोचा भाव मात्र बहुतेक बाजारांत डाळीच्या दुपटीहून अधिक असतो. शिवाय डाळीबरोबर तंतुमय पदार्थ मिळतात, जे पनीरमध्ये नसतात. पनीर वाईट आहे असे नाही. त्यातून कॅल्शियम मिळते आणि सणासुदीला ते अवश्य करावे. परंतु रोजच्या प्रथिनांचा भार डाळी, कडधान्ये, शेंगदाणे आणि दही यांवर ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

एका रात्रीचे जेवण : उसळ, भात, लाल माठ आणि कोशिंबीर

उदाहरणादाखल चार माणसांचे एक जेवण पाहू. त्यासाठी लागणारे जिन्नस असे: मोड आलेले हिरवे मूग (१५० ग्रॅम कच्च्या मुगांचे), २४० ग्रॅम तांदूळ, लाल माठाच्या दोन जुड्या, तीन-चार गाजरे किंवा काकड्या, दोन कांदे, सात-आठ लसूण पाकळ्या, दोन वाट्या दही, मूठभर शेंगदाण्याचे कूट, दोन आमसुले, एक लिंबू, थोडे ओले खोबरे, कोथिंबीर आणि सगळ्या स्वयंपाकासाठी मिळून पाच लहान चमचे तेल.

प्रथम तांदूळ धुऊन कुकरमध्ये लावावा. तो शिजेपर्यंत कांदा, लसूण व भाजी चिरून घ्यावी. पालेभाजी नेहमी आधी धुवावी आणि नंतर चिरावी. चिरल्यानंतर धुतल्यास पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे व क्षार वाहून जातात.

कढईत तीन लहान चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग, कढीपत्ता यांची फोडणी करावी. त्यात थोडा लसूण व एक कांदा परतून हळद, तिखट आणि घरचा मसाला घालावा. मोड आलेले मूग टाकून ते हलक्या हाताने परतावेत, एक भांडे गरम पाणी घालावे आणि झाकणावर थोडे पाणी ठेवून मंद आचेवर शिजू द्यावे. दहा-बारा मिनिटांत मूग बोटचेपे होतात. त्यानंतरच मीठ, आमसूल आणि गुळाचा लहान खडा घालावा. आमसूल, चिंच किंवा टोमॅटो आधी घातल्यास आंबटपणामुळे कडधान्य लवकर मऊ होत नाही, हे लक्षात ठेवावे. शेवटी खोबरे व कोथिंबीर पेरावी.

शेजारच्या शेगडीवर उरलेल्या दोन चमचे तेलात उरलेला लसूण व कांदा परतून त्यावर चिरलेला माठ टाकावा. पाल्याला स्वतःचे पाणी सुटते, त्यामुळे वरून पाणी घालण्याची गरज नाही. आठ-दहा मिनिटांत भाजी तयार होते. दरम्यान गाजर किसून त्यात दही, दाण्याचे कूट व मीठ मिसळले की कोशिंबीर झाली. लिंबाच्या फोडी ताटात आवर्जून वाढाव्यात. डाळी व पालेभाज्या यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते. याउलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते.

या जेवणातून दर माणशी सुमारे १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतात. साठ किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीची दिवसाची गरज साधारण ५० ग्रॅम धरली, तर एका वेळच्या जेवणाने तिचा एक तृतीयांशाहून अधिक भाग भागतो. आणि या चार ताटांचा सारा शिधा बहुधा उपाहारगृहातील पनीरच्या एका डिशपेक्षा कमी पैशांत येतो.

आठवड्याचे नियोजन

मोड आणण्यास वेळ लागतो, म्हणून आठवड्याचा आराखडा रविवारीच ठरवावा. रविवारी रात्री मूग भिजत घालावेत, सोमवारी सकाळी पाणी काढून ते ओल्या फडक्यात बांधावेत. उन्हाळ्यात सोमवारी रात्रीपर्यंत चांगले मोड येतात. थंडीत थोडा अधिक वेळ लागतो. मोड आलेले मूग मंगळवारपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावेत. आठवड्याच्या पाच रात्रींसाठी पुढील क्रम सोयीचा ठरेल.

सोमवार : मूगडाळीची खिचडी. दोन वाट्या तांदळास एक वाटी डाळ घ्यावी आणि त्यात दुधी, गाजर, मटार यांपैकी घरात असेल ते घालावे. सोबत ताक. मूगडाळ भिजवावी लागत नाही, त्यामुळे आठवड्याची सुरुवात सोपी होते.

मंगळवार : वर सांगितलेली मुगाची उसळ, भात, पालेभाजी व कोशिंबीर.

बुधवार : झुणका-भाकरी आणि शिराळ्याची किंवा पडवळाची भाजी. बेसन म्हणजे हरभऱ्याच्या डाळीचेच पीठ; त्यामुळे झुणका हीदेखील डाळच आहे. भाकरी ज्वारीची किंवा नाचणीची करावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते नगण्य असते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा या धान्यांकडे शहरांचे लक्ष वळले. आपल्या खेड्यांतील लोकांना त्यांचे मोल आधीपासूनच ठाऊक होते.

गुरुवार : पालक घातलेली मसूरडाळ किंवा तूरडाळ, भात आणि कांदा-टोमॅटोची कोशिंबीर.

शुक्रवार : चवळीची आमटी, त्यात वांगी किंवा लाल भोपळा, सोबत पोळी. चवळी सकाळी घरातून निघताना भिजत घातली तरी सायंकाळी कुकरमध्ये व्यवस्थित शिजते.

भाजी मोसमाप्रमाणे बदलावी. हंगामातील आणि जवळच्या वाडीत पिकलेली भाजी ताजी असते आणि बहुधा स्वस्तही पडते. आपल्याच परिसरातील शेतकऱ्याच्या टोपलीतून घेतलेल्या जुडीचा पैसा गावातच राहतो, हा आणखी एक लाभ. कडधान्य भिजविल्यामुळे शिजण्याचा वेळ कमी होतो आणि गॅसचीही बचत होते.

काही सावधगिरीच्या सूचना

राजमा करायचा असल्यास तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावा. अर्धकच्च्या राजम्यातील नैसर्गिक विषारी द्रव्यामुळे उलट्या व जुलाब होऊ शकतात. उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. तो दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी चांगला गरम करूनच खावा. मिठाचे प्रमाण दिवसाला दर माणशी पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा अधिक होऊ नये. पापड व लोणचे यांतील मीठही त्यातच मोजावे. ज्या घरांत पूर्णपणे शाकाहार पाळला जातो त्यांनी दूध, दही, ताक यांना नियमित स्थान द्यावे, कारण ‘ब-१२’ जीवनसत्त्व डाळी व भाज्यांतून मिळत नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी भाताचे व डाळीचे प्रमाण आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावे.

हे काम एकटीचे नव्हे

शेवटी एका महत्त्वाच्या बाबीकडे वाचकांचे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. पौष्टिक जेवणाचा आग्रह धरायचा आणि त्याचा सारा भार घरातील एका स्त्रीवर टाकायचा, हे न्याय्य नाही. तीही दिवसभर नोकरी करून, त्याच गर्दीच्या गाडीतून उभ्याने प्रवास करून घरी आलेली असते. वरील जेवणातील कामे पाहिली तर ती सहज वाटून घेता येण्याजोगी आहेत. घरी असलेल्या आजी-आजोबांनी दुपारी भाजी निवडून ठेवावी. मोठ्या मुलाने तांदूळ धुऊन कुकर लावावा. मुलीने असो वा मुलाने, गाजर किसावे. घरच्या पुरुषाने एका शेगडीवर पालेभाजी करावी. जेवणानंतरची भांडी सर्वांनी मिळून आवरावीत. असे झाले तर पाऊण तासाचे काम कोणालाच जड वाटणार नाही. मुलांनाही स्वयंपाकाची विद्या लहानपणीच मिळेल. पुढे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर राहण्याची वेळ आली तर तीच त्यांच्या उपयोगी पडेल.

प्रारंभीच संपूर्ण आठवडा बदलण्याचा संकल्प करण्याची गरज नाही. आज रात्री झोपण्यापूर्वी घरातील कोणीतरी एक वाटी मूग पाण्यात घालावेत आणि उद्या सकाळी कामावर निघताना ते फडक्यात बांधावेत, एवढे पुरे आहे. परवाच्या जेवणाची निम्मी तयारी तिथेच झालेली असेल.