सरदाराच्या दप्तरातलं नाव

ही हकीकत इंग्लंड देशातली आहे. सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वीची.

तेव्हा तिथं जमीन राजाची, सरदारांची, नाही तर मठांची. कसणारी पुष्कळ कुळं बांधलेली होती. बांधलेली म्हणजे कशी? आठवड्यातले काही दिवस सरदाराच्या शेतात फुकट राबायचं. त्याला विचारल्यावाचून गाव सोडायचं नाही. लेकीचं लग्न करायचं, तर आधी त्याला पैसे भरायचे. बाप मेला, की गोठ्यातलं उत्तम जनावर सरदाराच्या दारी जायचं.

हे सारं दप्तरात लिहिलेलं असे. कोणाकडे किती वेठ, कोणाला किती दंड, ते कारकून कातड्याच्या गुंडाळीवर लिहून ठेवी. तेही लॅटिन भाषेत. कुळाला ना ती भाषा येई, ना अक्षर. तंटा झाला, की सरदार गुंडाळी उलगडी. कुळाचं तोंड बंद!

१३४८ साली प्लेगची साथ आली. दोन वर्षांत देशातली तिसरा हिस्सा तरी माणसं मेली. मजूर मिळेना. उरलेले जास्त मजुरी मागू लागले. मग १३५१ साली कायदा झाला : मजुरी साथीच्या आधी होती तेवढीच. जास्त घेईल त्याला शिक्षा.

तेव्हा कुळांनी एक युक्ती केली. १०८६ साली राजानं साऱ्या मुलखाची पाहणी करून मोठी वही लिहवली होती. तिचं नाव डोम्सडे बुक. १३७७ साली चाळीसएक गावांनी पैसे जमवून या वहीतल्या आपापल्या गावाच्या नकला काढल्या. ‘आमचं गाव पूर्वी खुद्द राजाचं होतं. आमच्यावर ही वेठ नाही,’ असं त्यांचं म्हणणं. पण जमीनदारांनी उलट फिर्याद केली. अशा कुळांना धरण्याचा हुकूम सुटला.

त्यात फ्रान्सशी लढाई चाललेली. तिच्या खर्चासाठी १३८० साली डोईपट्टी बसली. पंधरा वर्षांवरच्या माणसामागं एक शिलिंग. गरिबाची ती कितीतरी दिवसांची मजुरी! १३८१ च्या मे-जून महिन्यांत एसेक्स आणि केंट भागांतले लोक उठले. वॅट टायलर त्यांचा पुढारी झाला. ठिकठिकाणी लोकांनी सरदारांची दप्तरं बाहेर काढून जाळली.

१३ जूनला ते लंडन शहरात शिरले. राजा रिचर्ड अवघा चौदा वर्षांचा. दुसऱ्या दिवशी तो लोकांना भेटला. ‘तुम्ही आजपासून मोकळे,’ असं वचन त्यानं दिलं, तशा सनदाही लिहून दिल्या. पण १५ जूनला बोलणी चालू असतानाच टायलर मारला गेला. जुलैत राजानं सनदा रद्द केल्या. पुष्कळांना फाशी झाली. कागद लोकांच्या हाती होता, पण बळ राजाच्या हाती होतं.

मग सारं फुकट गेलं का? नाही. मजुरांची टंचाई काही सरली नाही. सरदार जाच करू लागला, की कुळं रातोरात गाव सोडून दुसरीकडे जात. जमीन पडून राहण्यापेक्षा सरदार वेठ सोडून खंड घेऊ लागले. शे-सव्वाशे वर्षांत वेठ बहुतेक संपली. आणि एक नवी रीत पडली. दप्तरात कुळाची जी नोंद असे, तिची नक्कल कुळाला मिळू लागली. पुढं राजाची न्यायालयंही ती नक्कल मानू लागली. ज्या दप्तराला बाप भीत होता, त्याचीच नक्कल नातवाच्या पेटीत आली.

तुमच्याही पेटीत सातबाऱ्याचा उतारा असेल. आज दिवेलागणीला तो काढा. नाव कोणाचं, क्षेत्र किती, बोजा आहे की नाही, ते स्वतः वाचा. अडलं तर विचारा. पण वाचा.